चर्चमधील रौप्यवस्तू व त्यांचे दाते : गोवा आणि उत्तर कोकण

गोवा व उत्तर कोकण या एकेकाळी पोर्तुगीज अंमलाखाली असलेल्या प्रदेशांतील रोमन कॅथलिक चर्चमध्ये उपासना, मिरवणुका व मूर्तींचे अलंकरण यांसाठी वापरात असलेल्या किंवा जतन केलेल्या जुन्या चांदीच्या वस्तूंचा हा इतिहास आहे. मिस्साविधीतील द्राक्षारसाचा पेला, पवित्र भाकरी ठेवण्याचे झाकणाचे पात्र, ती भाविकांच्या दर्शनासाठी ठेवण्याचे किरणाकार आसन म्हणजे कुस्तोद, साखळ्यांची धूपदाणी व तिच्या जोडीची नौकेच्या आकाराची डबी, वेदीवरील दीपदाने, टांगते दीप, मिरवणुकीचा क्रूस, मूर्तींचे मुकुट व प्रभावळी आणि सणाच्या दिवशी मानकऱ्यांनी हाती धरावयाचे दंड, असे या वस्तूंचे अनेक प्रकार आहेत. पेल्याचा प्याला सोन्याचा किंवा चांदीचा असावा व चांदीचा असल्यास आतून सोन्याचा मुलामा दिलेला असावा, हा चर्चचा जुना नियम होता. त्यामुळे गरिबातल्या गरीब गावच्या चर्चलाही थोडीतरी चांदी लागेच. त्यापुढील सर्व चांदी मात्र देणाऱ्यांच्या इच्छेची व ऐपतीची होती.

कोणत्याही देवस्थानाची चांदी एकाच वेळी पूजासाहित्य असते व ठेवही असते. ती वितळविता येते, गहाण टाकता येते, जप्त करता येते. यामुळे गोव्यातील व वसईतील चर्चच्या चांदीचा इतिहास हा पुष्कळ अंशी ती कोणाची मानली गेली याचा इतिहास आहे. राजे, व्हाइसरॉय व धर्मसंघ यांच्या नावावर असलेली चांदी राज्यकर्त्यांच्या एका फर्मानासरशी गेली. गावाच्या नावावर असलेली पुष्कळशी टिकली.

भारतात चांदीच्या खाणी फारशा नसल्याने या वस्तूंसाठी लागणारा धातू मुख्यतः समुद्रमार्गे येई. स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींत पाडलेली रियाल नाणी लिस्बनहून व मानिलाकडून येत, तर जपानी चांदी माकावमार्गे येई. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना दार बंद केल्यावर हा दुसरा ओघ आटला. आलेली नाणी वितळवून सोनार कामे करीत. लाकडी गाभ्यावर चांदीचा पत्रा बसवून मागून ठोकून काढलेले उठावकाम, पुढून छिन्नीने केलेले रेखीव काम, बारीक तारकाम आणि पाऱ्याच्या साहाय्याने दिलेला सोनेरी मुलामा या त्यांच्या नेहमीच्या पद्धती होत.

हे कारागीर बहुतांशी स्थानिक शेट म्हणजे दैवज्ञ समाजातील होते. त्यांच्या कौशल्याचा लौकिक पोर्तुगीज सत्तेच्या आरंभीच लिस्बनपर्यंत पोहोचला होता. गोव्याचा सोनार रावळू शेट हा १५१८ ते १५२० या काळात राजा मानुएल याच्यासाठी लिस्बन येथे काम करीत होता. पुढे धर्मांतराच्या मोहिमेला जोर आल्यावर वातावरण बदलले. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेपासून चर्चच्या उपासनेतील वस्तू व प्रतिमा अख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेण्यावर निर्बंध घालण्यात आले. कसब मात्र ज्यांच्या हाती होते त्यांच्याच हाती राहिले. कुस्तोदीच्या पायावरील कमळाच्या पाकळ्या, कडांवरील वेलबुट्टी व नक्षीतील हंसासारखे पक्षी पाहिले की, काम युरोपीय नमुन्यावरून झाले असले, तरी करणाऱ्याचा हात देवळांच्या पालख्या व प्रभावळी घडविण्यात तयार झालेला होता, हे लक्षात येते. पोर्तुगालमधील चांदीवर परीक्षकाची व सोनाराची मुद्रा असे. गोव्याच्या जुन्या चांदीवर ती बहुधा आढळत नाही. परिणामी वस्तूचा काळ शैलीवरून ठरवावा लागतो आणि कारागिराचे नाव जवळजवळ नेहमीच हरवलेले असते.

ज्यांची नावे टिकली ते दाते बहुधा वरच्या वर्तुळातील आहेत. आंद्रे कोतिन्यू हा धर्मगुरू अनेक वर्षे भारतात राहिला व १५९७ मध्ये गोव्यात मरण पावला. त्याने गोव्यात करवून घेतलेल्या मौल्यवान उपासनावस्तू पोर्तुगालमधील विदिगेइरा येथील कार्मेलाइट मठाला मृत्युपत्राने दिल्या. त्या पुढे लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आल्या. गोव्यात मिळविलेली संपत्ती गोव्याच्याच सोनारांकडून घडवून मायदेशीच्या चर्चला द्यावयाची, ही त्या काळच्या अनेक पोर्तुगीजांची रीत होती. येथे घडलेली कितीतरी चांदी या मार्गाने येथून गेली.

गोव्यात राहिलेल्या रौप्यकामांत सेंट फ्रान्सिस झेव्हिअरची शवपेटी सर्वांत प्रसिद्ध आहे. मार्चेल्लो मास्त्रिली हा नेपल्सचा जेझुइट धर्मगुरू डोक्याला झालेल्या प्राणघातक जखमेतून वाचला. झेव्हिअरच्या कृपेनेच आपण वाचलो, अशी त्याची श्रद्धा होती. पूर्वेकडे जाताना तो गोव्यास आला आणि त्याच्या पुढाकाराने १६३६–३७ मध्ये गोव्याच्या कारागिरांनी ही पेटी घडविली. तिच्यावरील ३२ उठावचित्रांत संताच्या चरित्रातील प्रसंग आहेत. मास्त्रिली स्वतः ती पूर्ण झालेली पाहू शकला नाही. ऑक्टोबर १६३७ मध्ये नागासाकी येथे त्याला देहदंड झाला. ज्या चौथऱ्यावर ही पेटी ठेवलेली आहे तो संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याची देणगी असून, फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने तो घडविला व १६९८ मध्ये तो बॉम जेझूस चर्चमध्ये उभारण्यात आला. येथील संताचा चांदीचा पुतळा जिनोआच्या एका कुलीन स्त्रीने १६७० मध्ये दिला, असे सांगतात.

राज्यकर्त्यांच्या दृष्टीने या दानांना राजकीय अर्थही होता. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजांनी गोव्यावर चाल केली, तेव्हा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने संताची शवपेटी उघडवून तिच्यात आपला राजदंड ठेवला व राज्याचे रक्षण संतावर सोपविले. पुढे नव्या गव्हर्नरने अधिकार हाती घेताना संतासमोर जाऊन राजदंड स्वीकारावा, असा प्रघात पडला.

अशी राजकीय आणीबाणी आली की चर्चच्या चांदीचे दुसरे रूप पुढे येई. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण उत्तर कोकणात सापडते. चिमाजी आप्पांच्या सैन्याने १७३९ च्या आरंभी वसईला वेढा घातला. किल्ल्यातील पोर्तुगीजांजवळ पगार व दाणागोटा यांसाठी पैसा उरला नाही. त्यांनी मुंबईकर इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी सैन्य दिले नाही. १५,००० रुपये मात्र उसने दिले आणि तेही चर्चची चांदी व काही पितळी तोफा तारण घेऊन. वसईत डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, ऑगस्टीनियन व जेझुइट या सर्व प्रमुख संघांचे मठ होते. त्यांच्या वेद्यांवरील चांदी दोन शतके तेथील जमीनदार पोर्तुगीज घराण्यांनी व दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी नवसापोटी, मृत्युपत्राने वा दफनाच्या जागेच्या मोबदल्यात दिलेली होती. ती तोफांच्या पंक्तीला बसून सावकाराच्या यादीत गेली. मे १७३९ मध्ये वसई पडली. शरणागतीच्या अटींनुसार पोर्तुगीजांना जंगम मालमत्तेसह बाहेर पडण्याची मुभा मिळाली व मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला आपल्या धर्मानुसार उपासना करण्याची हमी देण्यात आली. बडी पोर्तुगीज घराणी निघून गेली. स्थानिक ख्रिस्ती शेतकरी, कोळी व कारागीर मात्र राहिले, आणि चर्चचा पुढील खर्च त्यांच्याच अंगावर पडला.

हे युद्ध उभय पक्षी कर्जावरच चालले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. थोरले बाजीराव पेशवे आपल्या मोहिमांपायी सावकारांच्या देण्यात बुडालेले होते. त्या सावकारांत बारामतीचे जोशी-नाईक घराणे प्रमुख होते. या घराण्यातील आबाजी नाईक हे बाजीरावांच्या बहिणीचे पती, तर बाबूजी नाईक बारामतीकर हे त्यांचे मोठे धनको. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव निवर्तले, तेव्हा रघूजी भोसले यांनी पेशवेपदासाठी बाबूजी नाईकांचा पक्ष उचलून धरला. नाईकांनी आपल्या थकलेल्या कर्जाचा तगादा बाळाजी बाजीरावांविरुद्ध हत्यारासारखा वापरला. महादजीपंत पुरंदरे यांच्या पतीवर ते कर्ज फेडण्यात आले आणि तो डाव फसला. तात्पर्य, ज्या सुमारास वसईच्या चर्चची चांदी इंग्रजांकडे तारण पडली, त्याच सुमारास तिला वेढा घालणाऱ्यांच्या घरचे राजकारण बारामतीच्या खतांभोवती फिरत होते. बारामती, इंदापूर हे देशावरचे तालुके पोर्तुगीज चर्चच्या प्रदेशापासून दूर खरे. पण वसईची मोहीम ज्या पैशाच्या बाजारावर उभी होती, त्या बाजारात बारामतीची पेढी अग्रभागी होती.

वसईच्या चर्चमधून पुणे, नाशिक व सातारा या जिल्ह्यांत प्रत्यक्ष आले ते चांदी नव्हे, तर घंटा. पुणे जिल्ह्यातील भीमाशंकर व नसरापूरजवळील बनेश्वर, वाईजवळील मेणवली आणि नाशिकचे नारोशंकराचे मंदिर येथील पोर्तुगीज घंटा प्रसिद्ध आहेत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ व नाशिकच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. नारोशंकराची घंटा तर मराठी बोलण्यातही जाऊन बसली. या घंटा टिकल्या याचे कारण साधे आहे. घंटा वितळविण्यापेक्षा वाजविण्यातच तिची किंमत. शिवाय त्या ओतीव असल्याने साल अंगावरच कोरलेले. चांदीला असा आधार नव्हता. ती हातोहात नाण्यांत जाई आणि तिच्याबरोबर देणाऱ्याचे नावही जाई.

गोव्यात चांदीवर आलेले पुढचे दोन आघात स्वतः ख्रिस्ती राज्यकर्त्यांकडूनच आले. १७५९ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या धोरणानुसार जेझुइट संघाला राज्यातून घालवून देण्यात आले व त्याची मालमत्ता सरकारजमा झाली. त्यानंतर पोर्तुगालमध्ये १८३४ साली सर्व पुरुष धर्मसंघ बरखास्त करण्याचा हुकूम निघाला. १८३५ मध्ये तो गोव्यात अंमलात आला. जुन्या गोव्यातील मठ ओस पडले, त्यांच्या जमिनी व जंगम वस्तू सरकारने ताब्यात घेतल्या. सेंट ऑगस्टीनच्या भव्य चर्चची देखभाल संपली, १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले. सांता मोनिका या स्त्रियांच्या मठाला तेवढी सवलत मिळाली. नव्या जोगिणी घेण्यास बंदी असली, तरी असलेल्यांना तेथे राहू देण्यात आले व शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारल्यावर तो मठही सरकारकडे गेला. तीन शतकांत व्हाइसरॉय, कप्तान, व्यापारी व त्यांच्या विधवा यांनी या मठांना जे दिले होते, त्याची अशी वासलात लागली. दात्याने दान संघाला दिले होते आणि संघच उरला नाही, मग दावा सांगणार कोण?

गावच्या चर्चची गोष्ट वेगळी होती. तिचे मूळ पोर्तुगीजपूर्व गावकारीत आहे. गोव्याच्या गावांतील जमीन मूळ वसाहतकारांच्या वांगडांची म्हणजे कुळशाखांची सामाईक मालमत्ता असे. गावकार तिचे उत्पन्न वाटून घेत आणि त्यातून देऊळ, बांध व रस्ते यांचा खर्च भागवीत. १५२६ मध्ये आफोंसू मेशिया याने या रूढींची सनद तयार केली व पोर्तुगीजांनी ही व्यवस्था ‘कोमुनिदाद’ या नावाने पुढे चालू ठेवली. १५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. पुढच्याच वर्षी देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. त्याला गावकारांनी संमती दिल्याची नोंद आहे. ती संमती कोणत्या परिस्थितीत दिली गेली हे निराळे सांगावयास नको. परंतु एक गोष्ट घडली. देवाचा खर्च गावाने करावयाचा व त्याच्या मोबदल्यात देवाच्या उत्सवातील मान गावाने घ्यावयाचा, हा जुना संबंध देव बदलला तरी तुटला नाही.

या संबंधाला ख्रिस्ती रूप दिले ते कोंफ्रारियांनी. कोंफ्रारिया म्हणजे एखाद्या संताच्या किंवा मातेच्या नावाने स्थापन झालेला धर्मबंधूंचा संघ. त्याची लेखी नियमावली, अध्यक्ष, खजिनदार व लेखनिक असत. तो वर्गणी व देणग्या गोळा करी, व्याजाने पैसे लावी, सभासदांच्या अंत्यविधीची व्यवस्था करी आणि वार्षिक फेस्त साजरे करी. त्याच्या हिशेबांवर शासनाचीही देखरेख असे. सणाच्या चांदीची नोंद चोपडीत असे आणि एका वर्षीचे पदाधिकारी ती पुढच्या वर्षीच्या पदाधिकाऱ्यांच्या हवाली करीत. चर्चच्या इमारतीचा निधी, ज्याला फाब्रिका म्हणत, तो निराळा. १८३५ च्या हुकुमाने मठ बंद झाले, पण कोंफ्रारियांची व फाब्रिकांची चांदी धर्मसंघांची नव्हती. म्हणून ती गावोगाव राहिली. आज गोव्यात जी जुनी चर्चची चांदी पाहावयास मिळते, तिच्यातील मोठा भाग या गावच्या चांदीचा आहे.

या व्यवस्थेला दुसरीही बाजू होती. पुष्कळ कोंफ्रारिया जातवार होत्या. एखादी बामणांची, एखादी चारड्यांची. शूद्र मानल्या गेलेल्यांची निराळी आणि तिला मान कमी. सभासदांच्या अंगावरील झग्याचा रंग, मिरवणुकीतील जागा व चांदीचा दंड धरण्याचा हक्क यांवरून गावात कोणाचे स्थान काय हे दुरूनही कळे. चांदी देणे हा जसा भक्तीचा, तसाच मान राखण्याचाही मार्ग होता, आणि ज्यांना सभासदत्वच नाकारलेले होते त्यांना देण्याचाही अधिकार नव्हता. साष्टीतील कुंकळ्ळी हे याचे बोलके उदाहरण आहे. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकारांनी धर्मप्रसारासाठी आलेल्या पाच जेझुइटांना ठार केले. त्यानंतर तेथील प्रमुखांना किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. पुढे त्याच गावातील बारा वांगडांच्या ख्रिस्ती वंशजांनी आरोग्यमाता सायबिणीच्या फेस्तावर आपला वंशपरंपरागत हक्क सांगितला आणि तो इतरांना मिळू नये म्हणून विसाव्या शतकापर्यंत ते भांडत राहिले. ज्या देवतेला विरोध करताना पूर्वजांनी प्राण दिले, तिच्याच मिरवणुकीतील दंडासाठी वंशज झगडले, यात बाहेरच्यास विसंगती वाटेल. गावकारांच्या दृष्टीने दोन्ही वेळा प्रश्न एकच होता : गावच्या दैवतावर अधिकार कोणाचा?

देशावरच्या वाचकाला या व्यवस्थेची तुलना परिचित देवस्थानांशी करता येईल. इंदापूर तालुक्यात नीरा-भीमा संगमावरील नरसिंहपूर येथील लक्ष्मीनृसिंहाच्या मंदिराची उभारणी विंचूरकर या सरदार घराण्याशी निगडित आहे. तेथे दाता एक थोर घराणे व त्याचे नाव देवस्थानाच्या इतिहासाचाच भाग. गोव्याच्या गावच्या चर्चमध्ये असे एक नाव क्वचित सांगता येते. मुकुटासाठी कोणा विधवेने दिलेल्या बांगड्या, आफ्रिकेत वा मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने पहिल्या पगारातून धाडलेले रुपये, पीक साधले म्हणून वांगडाने वाटणीतून बाजूला काढलेली रक्कम हे सर्व एकाच मुशीत वितळून त्याचा एक मुकुट होई.

ज्यांना नाव राखावयाचे होते त्या श्रीमंत घराण्यांनी घरातच प्रार्थनामंदिरे बांधली. मडगाव येथील ‘सात बुर्ण्यांचे घर’ म्हणून ओळखला जाणारा वाडा अठराव्या शतकात व्हाइसरॉयचा सचिव सेबास्तियांव द सिल्व्हा याने उभारला, व त्यातील प्रार्थनामंदिरात मिस्सा करण्याची परवानगी त्याला मिळाली होती. चांदर येथील ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात सेंट फ्रान्सिस झेव्हिअरचे नख म्हणून मानला जाणारा अवशेष जडावाच्या पात्रात ठेवलेला आहे. अशा घरांतील चांदी लादाईन म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या रात्री बाहेर निघे. ती खाजगी असल्याने वारसांत वाटली गेली. मुले ब्राझील, पोर्तुगाल, पूर्व आफ्रिका, पुढे कॅनडा व इंग्लंडकडे गेली, तसतशी काही तिकडे गेली, काही जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाने, जो १९७६ मध्ये अंमलात आला, शंभर वर्षांपेक्षा जुन्या अशा वस्तू खाजगी व्यक्तींनी परदेशी पाठविण्यास बंदी केली. परंतु मुद्रा नसलेल्या व नोंद नसलेल्या चांदीचे वय सिद्ध करणे कठीण, आणि वितळविल्यावर तर प्रश्नच उरत नाही.

अशा वस्तू एकत्र जतन करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे ख्रिस्ती कला संग्रहालय. इंटॅक व लिस्बनचे गुल्बेंकियन प्रतिष्ठान यांच्या साहाय्याने ते १९९४ मध्ये राशोल येथील गुरुकुलात सुरू झाले. २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आणण्यात आले. पक्ष्याच्या आकाराचे सोनेरी मुलाम्याचे कुस्तोद हे त्यातील विशेष आकर्षण आहे. आपल्या रक्ताने पिलांना जगविणारा पेलिकन हा ख्रिस्ताचे प्रतीक मानतात. घडविणाऱ्याने पेलिकन पाहिलेला नसावा, कारण त्याने काढलेला पक्षी हंसाच्या जवळचा आहे. जानेवारी २०१२ मध्ये या संग्रहालयावर दरोडा पडला व पहारेकऱ्याचा खून झाला. पुढे इमारतीची व मांडणीची दुरुस्ती होऊन २०२२ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

गावच्या चर्चमधील चांदी याउलट अद्याप वापरात आहे. ती वर्षभर कुलुपात असते. फेस्ताच्या आदल्या दिवशी ती चिंच व राखेने उजळतात, दुसऱ्या दिवशी सायबिणीच्या मस्तकावर मुकुट चढतो व क्रूस मिरवणुकीच्या अग्रभागी निघतो. वितळवून नव्याने घडविण्याची जुनी रीतही पुरती संपलेली नाही; एखादा झिजलेला मुकुट मोडून त्यात नव्या देणग्यांची भर घालून अधिक वजनाचा करवितात आणि जुन्या मुकुटाबरोबर त्याचे शतकही जाते.